वकिलाने आधी मुलाबद्दल विचारावं

नवरा-बायको वेगळं व्हायचं ठरवतात तेव्हा घर, दागिने, कर्जाचे हप्ते, पोटगी यांचे आकडे निदान कागदावर मांडता येतात. मूल कुणाकडे राहणार हा प्रश्न असा मांडता येत नाही, आणि तोच मनात घेऊन माणूस रात्री मोबाईल उघडून बसतो. 'नाशिकमधला कस्टडीचा चांगला वकील' असं टाइप केलं की याद्याच याद्या समोर येतात. कुणाच्या नावापुढे पाच तारे, कुणापुढे 'नंबर वन', कुणापुढे 'शंभर टक्के खात्री'. या ताऱ्यांवरून वकील ठरवू नका. कारण वकिलीच्या नियमांतच आहे.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या छत्तिसाव्या नियमानुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. मध्यस्थ ठेवून कामं मिळवता येत नाहीत. इतकंच काय, आपण अमुक प्रकारच्या दाव्यांतले तज्ज्ञ आहोत, असं दारावरच्या पाटीवरसुद्धा लिहिता येत नाही. २००८ मध्ये संकेतस्थळाची मुभा मिळाली, पण त्यावर नाव, पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक, शिक्षण आणि कामाचं क्षेत्र एवढीच माहिती द्यायची. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांना क्रमांक आणि तारे देणाऱ्या संकेतस्थळांवर कडक ताशेरे ओढले आणि त्यानंतर बार कौन्सिलने राज्यांच्या कौन्सिलांना कारवाईच्या सूचना दिल्या. म्हणजे जो स्वतःला 'कस्टडी स्पेशालिस्ट' म्हणवून घेत तुमच्यापर्यंत पोचतो, त्याने पहिल्याच पावलाला स्वतःच्या व्यवसायाचा नियम मोडलेला असतो. चांगला वकील शोधायला दुसरी वाट धरावी लागते. ती वाट आहे, आणि बरीचशी फुकट आहे.

त्याआधी आपण नेमकं काय मागायला निघालो आहोत ते समजून घ्यायला हवं. पालकत्व, ताबा आणि भेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पालकत्व म्हणजे मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा कायदेशीर अधिकार. ताबा म्हणजे मूल रोज कुणाच्या घरी झोपणार, कुणाच्या घरून शाळेत जाणार ते. आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला मूल कधी, कुठे, किती वेळ भेटणार, ती भेट. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६ चा. त्याच्या सहाव्या कलमात बाप हा नैसर्गिक पालक आणि 'त्याच्यानंतर' आई, असं लिहिलं आहे. लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या मुलाच्या नावाने रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला तेव्हा बँकेने वडिलांची सही मागितली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की 'त्याच्यानंतर' याचा अर्थ बाप मेल्यानंतर असा घ्यायचा नाही. बाप मुलाकडे लक्ष देत नसेल, दूर असेल, तर तो हयात असतानाही आई पालक असते. तरीही, आपण पालक आहोत म्हणून मूल आपल्याचकडे येणार असं कुणी धरून चालू नये. त्याच कायद्याचं तेरावं कलम मुलाचं हित सगळ्यांत वर ठेवतं.

पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे असावं, हेही सहाव्या कलमातच आहे. २०१५ मध्ये गोव्यातल्या एका दांपत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे आणखी स्पष्ट केलं: इतक्या लहान बाळासाठी आपण लायक आहोत हे आईने सिद्ध करत बसायचं नाही, ती लायक नाही असं बापाचं म्हणणं असेल तर ते त्याने दाखवायचं. पण पाच वर्षं पूर्ण झाली की मूल आपोआप बापाकडे जातं, ही नाशिकच्या वाड्या-वस्त्यांपासून सोसायट्यांपर्यंत सगळीकडे ऐकू येणारी समजूत साफ चुकीची आहे. जास्त पगार असलेल्याला ताबा मिळतो, हीसुद्धा. कमी कमावणाऱ्याकडे मूल आणि जास्त कमावणाऱ्याकडून मुलाचा खर्च, असे हुकूम रोजच होतात. मुस्लिम कायद्यात हनफी परंपरेनुसार मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत आईकडे असावी असं मानलं जातं. मालेगावच्या वकिलांना हे चांगलं ठाऊक असतं. तिथेही १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली न्यायाधीश शेवटी मुलाचं हितच पाहतात.

आता नाशिकचं पाहू. नाशिकला कौटुंबिक न्यायालय आहे. ही न्यायालयं १९८४ च्या कायद्याने आली, पण कल्पना त्याहून जुनी. दुर्गाबाई देशमुख १९५३ मध्ये चीनला गेल्या होत्या. तिथली कौटुंबिक न्यायालयं पाहून परत आल्यावर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी या विषयावर चर्चा केली. घरातली भांडणं साध्या दिवाणी दाव्यासारखी लढवू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. म्हणून या न्यायालयात विवाह समुपदेशक असतात आणि न्यायाधीशांवर आधी समेटाचा प्रयत्न करण्याचं बंधन असतं. १९८४ च्या या कायद्याचं तेरावं कलम तर सांगतं की इथे वकील लावणं हा पक्षकाराचा आपोआप मिळणारा हक्क नाही. प्रत्यक्षात परवानगीचा अर्ज केला जातो आणि वकील उभे राहतात. पण त्या कलमामागचा विचार तुमच्या वकिलाला पटलेला आहे का, हे पाहण्यासारखं आहे. जमिनीच्या दाव्यात वर्षानुवर्षं तारखा लढवणारा नावाजलेला वकील इथे तितकाच उपयोगी पडेल असं नाही. सातबारावरचा हक्क एकदा ठरला की ठरला. मुलाच्या ताब्याचा हुकूम परिस्थितीप्रमाणे बदलता येतो आणि समोरचा पक्षकार तुमच्या मुलाचा बाप किंवा आई म्हणून आयुष्यभर समोर राहतो.

हद्दीचा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारून घ्या. कौटुंबिक न्यायालयाची हद्द सरकारी अधिसूचनेने ठरते. त्या हद्दीबाहेर राहणाऱ्यांचे घटस्फोटाचे अर्ज साधारणपणे वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायालयात जातात आणि पालकत्व कायद्याखालचे अर्ज जिल्हा न्यायालयाकडे. दुसरं असं की घटस्फोटाचा दावा आणि निव्वळ ताब्याचा अर्ज यांची ठिकाणं वेगळी निघू शकतात. हिंदू विवाह कायद्याखाली बायको सध्या जिथे राहते तिथे ती दावा लावू शकते, म्हणजे पुण्याहून माहेरी पंचवटीत आलेली स्त्री नाशिकला येऊ शकते आणि त्याच दाव्यात सव्विसाव्या कलमाखाली मुलाचा ताबा मागू शकते. पण पालक व पाल्य कायद्याखालचा स्वतंत्र अर्ज मूल जिथे 'सामान्यतः राहतं' तिथेच करावा लागतो. मूल तीन आठवड्यांपूर्वी नाशिकला आणलं आहे, शाळेचा दाखला अजून पुण्याच्या शाळेत आहे, अशा वेळी हद्दीवरच सहा महिने जाऊ शकतात. हे आधी सांगणारा वकील तुमचे ते महिने वाचवतो. स्थानिक वकील का हवा, याचं एक उत्तर इथे आहे. दुसरं उत्तर तारखांचं. मालेगावहून नाशिकला येणं म्हणजे शंभरेक किलोमीटर एका बाजूने. मुंबईचा मोठा वकील दर तारखेला येणार नाही, तो ज्युनिअर पाठवेल, आणि ज्युनिअर बदलला की तुमची कहाणी पुन्हा पहिल्यापासून. उच्च न्यायालयात अपील करायची वेळ आली तर मुंबईचा वकील लागेलच, कारण नाशिक जिल्हा मुंबईच्या मुख्य पीठाखाली येतो. कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर अपिलाची मुदत मर्यादित असते, ती विचारून घ्या. तो पुढचा टप्पा आहे.

मग वकील शोधायचा कसा?

पहिली जागा मोबाईलमध्येच आहे, पण याद्यांची नव्हे. ई-कोर्ट्स या सरकारी संकेतस्थळावर आणि ॲपवर वकिलाच्या नावाने खटले शोधता येतात. राज्य, जिल्हा, न्यायालय निवडायचं, मग वकिलाचं नाव टाकायचं. त्या न्यायालयात त्यांचे किती दावे चालू आहेत, किती निकाली निघाले, तारखा कशा पडल्या, हे दिसतं. महाराष्ट्रातल्या कौटुंबिक न्यायालयांत अर्जांना अक्षरं आहेत. घटस्फोटाचा अर्ज 'ए', पोटगीचा 'सी', पालकत्वाचा आणि ताब्याचा 'डी', परस्पर संमतीचा 'एफ'. वकिलांच्या तोंडी 'डी पिटिशन' हा रोजचा शब्द आहे. ज्यांचं नाव 'डी'च्या दाव्यांत वारंवार दिसतं, आणि 'ए' लावून मग 'एफ'वर मिटलेलीही काही प्रकरणं दिसतात, त्यांना या कामाची सवय आहे असं धरायला हरकत नाही. निकालांची टक्केवारी काढत बसू नका. ताब्याच्या दाव्यात कोण जिंकलं हे यादीवरून कळत नाही, आणि कळलं तरी त्याचा अर्थ लागत नाही.

दुसरी जागा जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळचं जिल्हा न्यायालय. तिथे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी त्यांच्या उत्पन्नाची अट नाही. नोकरी करणाऱ्या बाईलाही हा हक्क आहे, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींनाही उत्पन्नाची अट नाही, आणि सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण असे आदिवासी तालुके असलेल्या या जिल्ह्यात त्याला मोठा अर्थ आहे. बाकीच्या बहुतेक पुरुषांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा तीन लाख रुपये आहे. तालुक्याच्या न्यायालयातही विधी सेवा समिती असते, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करूनही सुरुवात करता येते. मोफत मिळालेला वकील कमअस्सल असतो ही समजूत काढून टाकावी. पॅनेलवरचे अनेक वकील याच न्यायालयात रोज उभे राहतात आणि समुपदेशकांना ओळखतात. न पटल्यास वकील बदलून मागता येतो. कोर्ट फीचंही लक्षात ठेवा: १९९४ पासून महाराष्ट्रात पोटगी, मालमत्ता, हिंसाचार आणि घटस्फोटाच्या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ आहे.

तिसरी वाट ओळखीची. मावसबहिणीचा घटस्फोट कुणी लढवला, ऑफिसातल्या कुणाचा कुणी, हे विचारायलाच हवं. फक्त प्रश्न नीट विचारा. 'केस जिंकली का?' यापेक्षा 'फोन उचलायचे का, तारखेला स्वतः यायचे का, मुलाला त्रास होईल असं काही करायला सांगितलं का?' यातून जास्त कळतं. नाव मिळालं की सनद पाहा. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रत्येक वकिलाला असतो, तो विचारण्यात अपमान नाही.

खरी परीक्षा पहिल्या भेटीत होते. एक काल्पनिक घर घेऊ. बाप अंबडच्या कंपनीत तीन पाळ्यांत काम करतो, आई कॉलेज रोडच्या बँकेत आहे, मुलगी आठ वर्षांची, तिसरीत, घर इंदिरानगरला, आजी सिडकोत. दोघांचं पटेनासं झालं आहे आणि आई वकिलाकडे आली आहे. ज्याला हे काम कळतं तो वकील नवऱ्याच्या चुकांची यादी लगेच मागत नाही. तो विचारतो: मुलगी सकाळी उठते किती वाजता? व्हॅनपर्यंत सोडायला कोण जातं? त्यांची पहिली पाळी असली की कोण, रात्रपाळी असली की कोण? डबा कोण भरतं? शाळेतून आल्यावर ती आजीकडे जाते की घरी? ओपन हाऊसला मागच्या वर्षी कोण गेलं होतं? ताप आला तर डॉक्टरांच्या फाईलवर कुणाचा नंबर आहे? तिला अभ्यासाला कोण बसवतं, आणि पोहायला कोण नेतं?

यातल्या शेवटच्या प्रश्नाला आईने 'बाबाच नेतात, दर रविवारी' असं उत्तर दिलं, तर चांगला वकील ते लिहून घेतो आणि अर्जातही येऊ देतो. कारण न्यायालयात ते बाहेर येणारच आहे, आणि जी आई स्वतःहून सांगते की मुलगी रविवारी बाबांबरोबर पोहायला जाते आणि ते चालू राहावं, तिच्या बाकीच्या म्हणण्यावर न्यायाधीश विश्वास ठेवतात. उलट बापाच्या बाजूने विचार केला तरी तसंच. पाळ्यांचं काम करणाऱ्या बापाने पूर्ण ताबा मागण्याचा हट्ट धरला तर रात्रपाळीच्या आठवड्यात मुलगी कुणाकडे झोपणार, हा प्रश्न उलटतपासात त्याला सुटणार नाही. पण त्याचा वकील पाळ्यांचं वेळापत्रक कंपनीकडून लेखी घेऊन, पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारनंतरचे दोन दिवस आणि एकाआड एक शनिवार-रविवार अशी मागणी ठेवू शकतो. अशी मागणी न्यायाधीशांना हुकमात उतरवता येते. 'मी बाप आहे, माझा हक्क आहे' हे उतरवता येत नाही.

म्हणून वकिलाकडे जाताना मुलाचा एक आठवडा कागदावर लिहून न्या, वेळेसकट. त्याबरोबर लसीकरणाचं कार्ड, शाळेची डायरी, फीच्या पावत्या, डॉक्टरांची फाईल. हे कागद साधे दिसतात, पण मुलाला रोज कोण सांभाळत होतं याची साक्ष तेच देतात. कौटुंबिक न्यायालयाला पुराव्याच्या कायद्याची काटेकोर बंधनं तितकीशी लागू नाहीत. वादावर प्रकाश पडेल असा कोणताही कागद १९८४ च्या कायद्याच्या चौदाव्या कलमाखाली ते पाहू शकतं. जुलै २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोंमधलं चोरून केलेलं रेकॉर्डिंगही वैवाहिक दाव्यात पुरावा म्हणून घेता येईल असं म्हटलं. त्यामुळे फोनवर रेकॉर्डिंग करण्याचा मोह वाढणार, हे दिसतंच आहे. पण मुलाला समोर बसवून 'सांग बरं, बाबा काय म्हणाले' असं रेकॉर्ड करायला सुचवणाऱ्या वकिलाकडून ताबडतोब उठा. मुलाची इच्छा न्यायाधीश विचारतात. त्यासाठी ठरावीक वय नाही, समज आली असली की पुरे. ते मुलाशी आपल्या दालनात बोलतात, आईबापांना बाहेर बसवून. पढवलेली वाक्यं तिथे लगेच कळतात. आठ वर्षांची मुलगी 'माझ्या हिताच्या दृष्टीने' असं बोलत नसते.

आणखी एक सल्ला अनेकांना मिळतो: 'आधी मूल तुमच्याकडे घ्या, मग बघू.' शाळेच्या फाटकावरून मूल उचलून आणणं हा त्याचा अर्थ. हा सल्ला देणारा वकील कितीही अनुभवी असला तरी टाळा. मूल अशा रीतीने नेलं की समोरचा पक्षकार उच्च न्यायालयात बंदिप्रत्यक्षीकरणाची याचिका करू शकतो आणि मग मूल पोलिसांसह न्यायालयासमोर उभं राहतं. तिथे निर्णय कुठल्याही बाजूने लागला तरी मुलाला तो प्रवास घडलेला असतो. घरात हिंसाचार असेल, जिवाला धोका असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या एकविसाव्या कलमाखाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मुलाचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेटीने मुलाला इजा होईल असं दिसलं तर ते भेट नाकारूही शकतात. हिंसा सोसणाऱ्या बाईला 'आधी समेटाचं बघा' असं सांगणारा वकीलही चुकीचाच.

समुपदेशकांबद्दल वकील काय बोलतो तेही ऐका. 'तिथे काही बोलू नका, मी बघतो' असं म्हणणारे असतात. समुपदेशकासमोर मोकळेपणाने बोललेलं पुरावा म्हणून वापरायचं नसतं. पण न्यायालयाने मागितल्यावर समुपदेशक घराच्या वातावरणाबद्दल, मुलाच्या आईबापांशी असलेल्या नात्याबद्दल अहवाल देऊ शकतात, आणि त्या अहवालाला वजन असतं. तिथे तोंड मिटून बसलेला पालक स्वतःचंच नुकसान करतो.

फीचं थोडक्यात. एकरकमी की टप्प्याटप्प्याने, तारखेमागे वेगळे पैसे का, अंतरिम अर्जाची फी वेगळी का, हे आधी विचारा आणि लिहून घ्या, पावती घ्या. निकालावर अवलंबून फी ठरवणं वकिलांना नियमानेच मना आहे. 'ताबा मिळाला तरच पैसे' असं म्हणणारा उदार नाही, नियम मोडणारा आहे. वकीलपत्रावर सही करण्याआधी ते वाचा, रिकाम्या जागा भरून घ्या. कोऱ्या कागदावर सही कुणालाही देऊ नका. पुढे वकील बदलावासा वाटला तर जुन्या वकिलाची 'ना हरकत' लागते, ती न मिळाल्यास न्यायालयाची परवानगी घेता येते. थकलेल्या फीसाठी वकिलाला तुमची फाईल अडवून ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्येच स्पष्ट केलं आहे. गैरवर्तनाची तक्रार राज्य बार कौन्सिलकडे करायची. ग्राहक आयोगाचं दार सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निकालाने बंद झालं आहे.

ताब्याच्या दाव्याचा खरा कणा म्हणजे अंतरिम हुकूम, आणि वकिलाची कसोटी तिथे लागते. अंतिम निकालाला काही वर्षं जातात. तोवर मूल ज्याच्याकडे असतं तिथे त्याची शाळा, मित्र, सवयी रुजतात, आणि रुजलेलं हलवायला न्यायाधीश नाखूश असतात. म्हणून पहिल्या काही तारखांतच भेटीचा आणि ताब्याचा अंतरिम अर्ज लागला पाहिजे, आणि तो नेमका लिहिलेला पाहिजे. 'अर्जदारास मुलास वेळोवेळी भेटू द्यावे' ही ओळ कागदावर ठीक दिसते, पण पहिल्याच रविवारी ती भांडणाचं कारण होते. नीट लिहिलेल्या अर्जात वार असतो, वेळ असते, मूल कोण सोडणार आणि कोण घेऊन जाणार ते असतं, भेट कुठे तेही असतं. मूल आजारी असेल तर बदली दिवस कोणता? दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी कशी, उन्हाळ्याची कशी, वाढदिवसाला काय? शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघांनी यायचं का? पासपोर्ट कुणाकडे, आणि मूल परदेशी न्यायचं तर परवानगी कशी घ्यायची? नाशिकमध्ये पंचवटीत घर असेल तर सिंहस्थाच्या पर्वणीला रस्ते बंद असतात, त्या दिवशीची भेट कुठे, हेसुद्धा लिहून ठेवायला काही हरकत नाही. मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशनने ताबा आणि भेट यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं आणि त्याबरोबर पालकांनी मिळून भरायचा आराखडा तयार केला आहे. तो वकिलाला माहीत आहे का, विचारा. फोनचंही विसरू नका. ज्या पालकाकडे ताबा नाही त्याला रोज पाच-दहा मिनिटं मुलाशी बोलता यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे, आणि व्हिडिओ कॉलचा उल्लेखही केला आहे. रात्रपाळीला जाणाऱ्या बापासाठी संध्याकाळचा तो फोन रविवारच्या भेटीइतकाच मोलाचा असतो. आईकडून तो रोज वेळेवर लावला जातो का, यावर पुढचे अर्ज टळतात किंवा वाढतात.

विधी आयोगाने २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची शिफारस केली होती. तिचा कायदा झाला नाही, पण दोघांनी मिळून मांडलेली योजना न्यायाधीश सहसा मोडत नाहीत. मला वाटतं, चांगल्या वकिलाचं मोठं कौशल्य अशी योजना समोरच्या वकिलाबरोबर बसून तयार करण्यात आहे, आणि नाशिकसारख्या शहरात, जिथे दोन्ही वकील एकमेकांना रोज भेटतात, ते मुंबईपेक्षा सोपं जातं. समोरच्या वकिलाचं नाव निघताच तुमचा वकील तुटून पडत असेल, तर अशी बैठक होणं अवघड.

आणि हुकूम झाला तरी तो कायमचा नसतो. मुलगी आठची अकरा होते, पाळ्या बदलतात, कुणी पुण्याला बदली होऊन जातं, कुणी दुसरं लग्न करतं. दहावीच्या वर्षी क्लासच्या वेळांमुळे रविवारची भेट जमेनाशी होते. अशा वेळी हिंदू विवाह कायद्याच्या सव्विसाव्या कलमाखाली त्याच न्यायालयात हुकूम बदलून मागता येतो. त्या अर्जाला आधीच्या हुकमाची प्रमाणित नक्कल जोडावी लागते. म्हणून निकाल लागला की नकलेच्या अर्जावर त्याच आठवड्यात सही करा आणि दोन-तीन जादा नकला काढून घ्या. एक शाळेत मुख्याध्यापकांकडे द्या, म्हणजे फाटकावर मूल कुणाच्या हाती सोपवायचं हे तिथल्या शिपाईमामांना दर वेळी विचारावं लागणार नाही.